तास संपल्यावर
शिक्षिकाबाईंचं पोट अपेंडिक्समुळे दुखतंय हे शिकाऊ डॉक्टरनेच ओळखलं, घाबरलेल्या बाईंना ऑपरेशनला राजीही तिनेच केलं. “हे तूच करायचंस, मी शेजारी असेन,” तिच्या वरिष्ठ सर्जन सरांनी शब्द दिला. पण थिएटर रिकामं होईपर्यंत तिचे कामाचे तास संपले. “नियम आहे, घरी जाऊन झोप,” सर म्हणाले. पुढच्या ड्यूटीवर आलेल्या तिच्या शिकाऊ डॉक्टर मैत्रिणीला त्यांनी आत घेतलं. ती स्वतः मात्र घरी गेली नाही, दाराच्या काचेतून बघत राहिली. मैत्रिणीचा हात सफाईने चालताना पाहून तिचा जळफळाट झाला. चुकू दे हिला, एकदा तरी! तेवढ्यात आत रक्त उसळलं आणि क्षणभर तिला चक्क बरं वाटलं. मग टेबलावर कोण आहे ते आठवून ती काचेला अगदी चिकटली. रक्त मैत्रिणीनेच थांबवलं. मैत्रीण बाहेर आली तेव्हा अजून धुमसतच ती म्हणाली, “कसं थांबवलंस? शिकव मला.”