काळ्या तंबाखूचा पाइप

आशाबाईनं तिसरा डबा उघडला आणि नाक मुरडलं.

"हा तर चुलीवर विसरलेल्या वांग्यासारखा वास मारतोय, ताई!"

"तोच काळा," सरिता म्हणाली. "धुरावर वाळवलेला. तो फक्त त्या वाकड्या पाइपात भरायचा. पिवळा साधा, तो सरळ पाइपात. आणि गोडसर वासाचा त्या छोट्या पाइपात. अदलाबदल करायची नाही."

"केली तर?"

"बाबांना लगेच कळतं."

गारखेड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आशाबाई आज पहिल्यांदाच आली होती. तिला ऋतुराजनं पुण्याहून फोनाफोनी करून शोधलं होतं. त्याच्या वडिलांचे, बद्रीनाथांचे, हात थरथरायचे. चहाची कपबशी धरवत नव्हती, तर पाइप कुठून भरता येणार? म्हणून दिवाळीला आलेली सरिता सासऱ्यांपाशी राहिली आणि ऋतुराज एकटाच परत गेला.

आता तो बायकोला न्यायला आला होता. सरिताची बॅग दाराशी तयार होती. त्यानंच भरली होती.

"आज बाई पास झाली की आम्ही निघालो, बाबा," तो म्हणाला. "मागच्या दोघींना तुम्ही परत पाठवलंत. तुम्हाला एकटं टाकून हिला नेलं, तर लासूरची भावकी मला नावं ठेवील, म्हणून मी थांबलोय. किती दिवस थांबू?"

"माझं काम नीट करणारी बाई आण. मी कुठं अडवतोय?"

"लाकडाचा पाइप तो! एकच घ्या आणि सगळे तंबाखू त्यातच ओढा. मीठ आणि स्पिरिट घालून ठेवलं की जुना वास जातो. मी वाचलंय."

बद्रीनाथांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. जन्मभर पोरांना शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, समजावून सांगायचा कंटाळा त्यांना नव्हता.

"लाकूड तेल पितं, ऋतुराज. धूरही पितं. लोणच्याच्या बरणीत तू गुलकंद भरशील का? बरणी घासून घेतलीस तरी भरशील का?"

"तुम्ही म्हणजे ना!" ऋतुराज हसला. मग आवाज न चढवता म्हणाला, "सरिता, पाणी."

सरिता स्वयंपाकघरात गेली. तिच्यामागून आशाबाईही गेली आणि कुजबुजली, "लई खडूस हाय हो तुमचा सासरा. पोरगा बिचारा एवढ्या लांबून आला. दिवाळीपासून हितंच हाय व्हय तुम्ही?"

"हं."

"भाईर फिरायला बी नाय?"

"बाबा सोडत नाहीत. भाजीसुद्धा वर मागवतात."

दाराचं कुलूप आतून असायचं आणि किल्ली बद्रीनाथांच्या सदऱ्याच्या खिशात. मघाशी ऋतुराजला आत घेतल्यावरही त्यांनी ते पुन्हा लावलं होतं.

"सुटा बाई हितून," आशाबाई म्हणाली. "असा भरते पाइप, की म्हाताऱ्यानं बोटं चाटावी."

ग्लास धुतलेला होता. तो सरितानं पुन्हा धुतला.

या वेळी ऋतुराज हयगय करणार नव्हता. तो आशाबाईच्या शेजारी उभा राहिला. वाकडा पाइप त्यानं स्वतः स्टँडवरून काढून दिला, काळ्याचा डबा स्वतः उघडला. आशाबाईनं चिमूट चिमूट करून तंबाखू भरला. खाली सैल, वर जरा दाबून, सरितानं शिकवलं होतं तस्सा. ऋतुराजनं काडी लावली.

बद्रीनाथांनी पहिला झुरका घेतला. डोळे मिटले. भिंतीपाशी उभ्या असलेल्या सरितानं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "गोड लागतोय."

"अशक्य! मी स्वतः उभा होतो, बाबा. डबाही काळ्याचाच होता."

"तंबाखू काळाच असेल. पाइप बाटलाय. मागच्या बाईनं यात गोड भरून दिला होता, तो लाकडात मुरलाय. आता हा महिनाभर निजवावा लागेल."

"मग दुसरा पाइप घ्या!"

"त्यात पिवळा मुरलाय."

"आबा," आशाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाइप हाय का सोवळ्यातली सासू?"

ऋतुराज हसला नाही. त्यानं सरिताचं मनगट धरलं. "चप्पल घाल. खूप झालं."

"जा घेऊन," बद्रीनाथ तितक्याच शांतपणे म्हणाले. "मी आत्ता लासूरला मोतीरामकाकाला फोन करतो. म्हाताऱ्याला पोरानं उपाशी टाकलं म्हणून सांगतो. उद्या अख्खी भावकी तुझ्या पुण्याच्या दारात बसेल."

ऋतुराजची बोटं हळूहळू सैल झाली.

"पुढच्या रविवारी येतो," तो म्हणाला. "बाईसोबत नवा कोरा पाइपही आणतो. मग बघू काय म्हणता ते."

बद्रीनाथांनी कुलूप काढलं. आशाबाई पुटपुटत ऋतुराजच्या मागून जिना उतरली. दार लागलं, कुलूप लागलं, किल्ली खिशात गेली. खाली गाडी सुरू झाली. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत बद्रीनाथ खिडकीच्या गजांना धरून उभे होते.

"बाईनं बरोबर भरला होता का गं?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर, बाबा."

"असेल. करोनात गेलेलं नाक माझं, अजून कापूरसुद्धा कळत नाही." ते खुर्चीत टेकले. "सकाळी वकीलबाईंचा फोन आला होता. त्यानं तुला मारल्याचा अर्ज कोर्टानं घेतलाय, पण त्याला तुझ्याजवळ फिरकायची बंदी व्हायला अजून दोन-तीन आठवडे लागतील म्हणाल्या. तोवर येतील तेवढ्या बायका मी नापास करीन."