बापाचा माल

लेथ मशीन रेषेत नाही, भोक मापात आणणारा रीमर तिरका शिरतो आणि बुशच्या नळीचं भोक तोंडाशी मोठं होतं, हे त्या मशीनवरचा टर्नर सहा महिने घसा कोरडा करून सांगत होता. मशीन बंद ठेवणं परवडत नाही म्हणून साहेब कानाडोळा करायचे आणि तपासनीस डोळे झाकून माल पास करायचा. मग त्याच्या जागी नवी तपासनीस आली, ती टर्नरचीच मुलगी. पहिल्याच दिवशी तिने बापाच्या बुशमध्ये माप तपासायचा गेज घालून पाहिला आणि नापास मालाची लाल पेटी भरून टाकली.

"अगं, वडिलांचा तरी मान ठेव!" साहेब म्हणाले.

"हा माल बाहेर जाणार नाही. आधी मशीन सरळ करा, मग बोला."

अख्खा कारखाना बघत होता. टर्नर मान खाली घालून उभा होता. शेवटी साहेबांनी हात टेकले आणि मशीन दुरुस्तीला घेतलं.

फाटकाबाहेर आल्यावर टर्नरने इतका वेळ दाबून धरलेलं हसू सोडलं. मग एकदम थांबला.

"पण मी सगळेच नापास कर म्हणून बजावलं होतं ना तुला? दोन का पास केलेस?"



"ते दोन मापात होते, बाबा."