सात मिनिटं झाकून

पाकिटावर लिहिलं होतं : उकळत्या पाण्यात एक चमचा. सात मिनिटं झाकून ठेवा.

रुपालीनं उकळत्या पाण्याचं पातेलं घराबाहेरच्या ओट्यावर आणून ठेवलं. प्रज्ञानं तांबडी पत्ती पाण्यात सोडली, वर ताटली झाकली आणि मोबाईलवर गजर लावला.

पहिलं मिनिट.

"ह्यो चहा म्हनायचा?" रुपालीच्या सासूबाई, मनकर्णाबाई म्हणाल्या. "खराट्याच्या काड्या कातरल्यावानी दिसतोय."

"आफ्रिकेतलं झुडूप हाय, काकू," प्रज्ञा म्हणाली. "रुइबॉस. माझ्या भावानं पुण्याहून धाडलंय."

"आन त्यानं इसब जातो?"

"पाकिटावर लई काही लिहिलंय. कातडी उजळते, पोट साफ होतं, सुरकुत्या जातात. त्यातलं मी काही बघितलं न्हाई. माझ्या हाताचा इसब डॉक्टरांच्या मलमानं बरा झाला. पण मी दिवसाला आठ कप चहा प्यायचे. झोप लागायची न्हाई, आणि जागी असले की खाजवत बसायचे. ह्यात झोप उडवणारं काही न्हाई. झोप लागली, खाजवणं थांबलं, मग मलमाला काम करता आलं."

मनकर्णाबाईंनी ऐकता ऐकता बांगडीच्या कडेनं तळहात खाजवला. तळहाताला भेगा, भेगांतून पाणी. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. हे त्यांनीच मघाशी सांगितलं होतं, प्रज्ञा रुपालीच्या तीन महिन्यांच्या मुलीचं वजन करत होती तेव्हा. प्रज्ञा कोल्हार गावची आशाताई, घरोघरी जाणारी आरोग्यसेविका. वजन वहीत लिहून झालं होतं. निघायला हरकत नव्हती.

ती निघाली नाही.

दुसरं मिनिट.

"रुपे, कप आन गं."

रुपालीनं दोन आणले. एक निळ्या फुलांचा, बशीसकट. एक कागदी. कागदी कप तिनं प्रज्ञापुढं ठेवला आणि नजर मुलीच्या झोळीकडं वळवली.

प्रज्ञानं पातेल्यावरच्या ताटलीवर उजवा हात ठेवला.

तिसरं मिनिट. किंवा चौथं.

"काकू, दुसरा कप."

"आनलाय की."

"बशीवाला."

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. "कोरोनापासनं सवय पडली बघ. भायेरच्या मान्साला कागदीच. आपलं बरं असतं."

भिंतीलगत निळ्या फुलांचा आणखी एक कप पडला होता. तळाला वाळलेली साय, सायीवर माशी. खताच्या पोत्यांचा टेम्पोवाला तासाभरापूर्वी पिऊन गेला होता. प्रज्ञानं त्या कपाकडं पाहिलं. मनकर्णाबाईंनीही पाहिलं.

"टेम्पोवाला घरचा व्हय?"

"तसं न्हाई गं. तुझ्या हाताला हुतं ना काहीतरी, म्हनून..."

"हुतं. तवा मी बी मानलं." प्रज्ञानं डावा हात उलटासुलटा करून दाखवला. कोरडा, स्वच्छ. "आता इसब कुणाच्या हाताला हाय?"

रुपालीला हसू फुटलं. तिनं त्याचा खोकला केला.

पाचवं मिनिट. झोळीत मुलगी कुशीवर वळली.

"माझ्या सासूचा, चांगुणाबाईंचा कप तुमच्या वळचणीला असायचा," प्रज्ञा म्हणाली. "कान तुटलेला. पिऊन झालं की स्वतः धुवायच्या, स्वतः खोचून ठेवायच्या. माझा धुवावा लागत न्हाई. एवढीच सुधारणा."

"ते माझ्या सासूच्या टायमाचं. म्या न्हाई केलं ते."

"म्हणून तर बसलीय."

गजर वाजला. प्रज्ञानं डाव्या हातानं तो बंद केला. उजवा ताटलीवरच.

"काढ की झाकन. कडू हुईल."

"न्हाई हुत. हा चहा कितीबी वेळ ठेवा, कडू हुत न्हाई."

"हात भाजंल तुझा, येडे."

"पाकीट इथंच ठेवून जाणार हाय, काकू. सांजच्याला करून प्या, मलम लावत जा. त्याला माझी काही अट न्हाई. पण हे पातेलं दोघींचं."

नऊ.

दहा.

ताटलीच्या कडेनं वाफ येत होती. प्रज्ञानं बोटं जरा उचलली, पुन्हा टेकवली.

अकराव्या मिनिटाला मनकर्णाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि आत गेल्या. फडताळाचं दार करकरलं. भांड्याला भांडं लागलं. मग बराच वेळ काहीच नाही. रुपाली दाराकडं बघत राहिली. प्रज्ञा पातेल्याकडं.

मनकर्णाबाई आल्या. हातात निळ्या फुलांचा कप, खाली बशी. पदराच्या टोकानं पुसून त्यांनी तो प्रज्ञापुढं ठेवला. ठेवताना आवाज जरा जास्तच झाला.

"हळू धर. माझ्या माहेरचा सेट हाय."

प्रज्ञानं ताटली काढली. तिचा तळहात लालबुंद झाला होता. तिनं तो पदराला टेकवला आणि म्हणाली, "रुपाली, गाळणी."

रुपालीनं गाळलं. दोन्ही कपांत सारखंच, तांबडं. दूध नाही, साखर नाही. मनकर्णाबाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि दुसरा घेतला.

गाळणीतली ओली पत्ती झटकायला काहीतरी हवं होतं. रुपालीनं इकडंतिकडं पाहिलं आणि कागदी कप ओढला.