नदीला जपणारी पावडर

"अगं हेमांगी, रेडिओवर तुलाच ऐकलं!" आत्या फोनवर ओरडलीच. मागे नदीवर कपडे आपटणं चालू होतं. "नदीला जपणारी पावडर! आता आम्ही सगळ्या तीच वापरतो."

हेमांगीला बरं वाटलं. जाहिरातींना आवाज देणाऱ्या भाचीचं गावात कौतुक होत होतं.

"आधी साबणाचं पाणी लांब खड्ड्यात ओतायचो. आता थेट नदीतच धुतो. तूच म्हणालीस ना, नदीला काही होत नाही?"

रेकॉर्डिंगच्या वेळी हेमांगीने विचारलं होतं, "हे खरं आहे ना?" कंपनीचा माणूस हसला होता. "पाकीट हिरवं केलंय मॅडम, पावडर जुनीच आहे." तरीही तिने ते वाक्य माइकवर वाचलं होतं.

"आत्या, ते खोटं आहे. नदीत नका धुऊ. खालच्या वाडीतले लोक तेच पाणी पितात."

आत्याने फोन स्पीकरवर टाकला आणि बायकांना गप्प केलं.

"आता हेच यांना सांग," ती म्हणाली, "पण जाहिरातीत सांगितलंस तसं, मनापासून."