पाचच्या गाडीचा संघ

चार वाजून एकावन्न मिनिटांनी हिंमतराव सरांनी चार मुली मैदानाबाहेर काढल्या. बास्केटबॉलच्या सामन्याचा तिसरा क्वार्टर नुकताच संपला होता. संघ नऊ गुणांनी पुढे होता, आणि त्या चौघीच संघातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडू होत्या.

"सर, आजच्या दिवस राहू द्या न," काजल म्हणाली. "एकच क्वार्टर राह्यला. फायनल हाय."

"गाडी पाचची हाय."

"कंडक्टर पुष्पांजलीचा मामा हाय, सर. थांबते तो."

"मंग तं तो एक मिनिट थांबत नाही. भाचीसाठी एसटी थांबवली म्हणून गावभर होईन त्याचं. चाल, बॅग घे."

चौघींनी जर्सीवरच ओढण्या घेतल्या. हिंमतराव सर त्यांच्यासोबत स्टँडकडे निघाले. बाकावरच्या चार मुली उठून आत गेल्या आणि शिट्टी वाजली.

ऋत्विक गुणलेखकाच्या टेबलाशी बसला होता. त्याने वहीत लिहिले : प्रशिक्षक गैरहजर, ४:५३ पासून. समोरच्या बाकावर मलकापूरच्या कॉलेजच्या प्रशिक्षक छाया मॅडम होत्या. त्यांनीही घड्याळ पाहिले. त्या का पाहतात हे ऋत्विकला कळले नाही. त्यांचा संघ तर स्वतःच्या गाडीने आला होता.

धामणगाव बढ्याच्या या कॉलेजात तो जुलैपासून संख्याशास्त्र शिकवत होता. हिंमतराव सर पंधरा वर्षे इथे करारावर होते. करार मार्चमध्ये संपत होता. तो वाढवायचा की नाही, यावर अहवाल द्यायचे काम प्राचार्य उत्तमरावांनी ऋत्विककडे दिले होते. "तुम्ही आकड्यांचे माणूस," ते म्हणाले होते. "मी इथे दोन वर्षांपूर्वी आलो, मला जुनं काही माहीत नाही. तुम्ही मोजा."

ऋत्विकने मोजले. सरांच्या लोखंडी पेटीत सगळ्या सामन्यांची गुणपत्रके होती. घरच्या मैदानावर अठ्ठेचाळीस सामने. त्यांपैकी एकतीस सामन्यांत तिसऱ्या क्वार्टरअखेर संघ पुढे. जिंकलेले फक्त नऊ. बाहेरगावी मात्र हातात आलेला सामना सहसा सुटत नव्हता. जगभर संघ घरी जिंकतात. हा संघ घरी हरत होता. ऋत्विकने त्या ओळीभोवती लाल पेनाने गोल केला होता.

पाच वाजून सात मिनिटांनी सर परत आले. तोवर संघ एका गुणाने मागे पडला होता. शेवटी सामना तीन गुणांनी गेला.

"सर, त्या दहा मिनिटं थांबल्या असत्या तर?" ऋत्विकने विचारले.

"तं जिंकलो असतो." सर चेंडू जाळीत भरत होते. "बाहेरगावी जीप भेटते, घरोघर सोडून देतो. इथं जीप नाही. पाचच्या गाडीनं पोरगी घरी येईन, असा प्रत्येकीच्या बापाले शब्द देल्ला हाय."

"सातला दुसरी गाडी आहे ना?"

"हाव, हाय. पह्यल्या वर्षी दोघीले सातच्या गाडीनं धाडलं होतं. सामना जिंकलो. दुसऱ्या दिवशी बॉलही बंद अन् कॉलेजही बंद. दोघी बी परत आल्या नाहीत." त्यांनी जाळीला गाठ मारली. "अहवाल तुमच्याजवळ हाय, मले मालूम हाय. जे दिसलं ते लिहा."

ऋत्विकने जे दिसले तेच लिहिले. प्रशिक्षक निर्णायक वेळी उत्तम खेळाडू बाहेर काढतात. कारण खेळाशी संबंधित नाही. करार वाढवू नये.

त्याच संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीत छाया मॅडम चहा घेत होत्या. सहा वर्षांत पाच अजिंक्यपदे त्यांच्या नावावर होती. उत्तमराव त्यांना नेमणुकीबद्दल सांगत होते. "आम्हाला तुमच्यासारखा कोच हवा. जिंकणारा. मार्चपासून जागा रिकामी होतेय."

"कोणाची जागा?"

उत्तरादाखल उत्तमरावांनी ऋत्विकच्या हातातला अहवाल घेऊन त्यांच्यापुढे ठेवला. छाया मॅडमनी तो सावकाश वाचला. पानं उलटत त्या मागच्या तक्त्यावर थांबल्या. तिथे प्रत्येक वर्षी कोणत्या क्रमांकाची खेळाडू केव्हा बाहेर गेली, ते दिलेले होते.

"तक्ता छान केलाय," त्या म्हणाल्या. "एकही चूक नाही."

"सरांनी सगळी पत्रकं जपून ठेवली होती," ऋत्विक म्हणाला.

"यात नावं नाहीत पण."

"निकालाला नावं लागत नाहीत. क्रमांक पुरतात."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि बारा वर्षांपूर्वीच्या एका ओळीखाली रेघ मारली. क्रमांक सात. सलग तीन वर्षे. घरचे सामने दहा, तिसऱ्या क्वार्टरनंतर बाहेर दहा वेळा. ऋत्विकला ती ओळ पाठ होती. सगळ्या तक्त्यात तिच्याइतकी स्वच्छ ओळ दुसरी नव्हती.

"ही पुढे काय करते, ते मोजलं का?"

"नाही," ऋत्विक म्हणाला. "तशी माहिती नव्हती."

छाया मॅडमनी अहवाल मिटून उत्तमरावांकडे सरकवला. इतका वेळ त्या मोजूनमापून, पुस्तकी बोलत होत्या. आता बोलल्या ते घरच्या बोलीत.

"मी पाचच्या गाडीची हो, सर. तीन वर्षं इथं खेळली, अन् घरचा चौथा क्वार्टर आज पह्यल्यांदा पाह्यला."