कमरेचा पट्टा

अप्पा जाऊन महिना झाला, तरी मला रडू आलं नव्हतं. वडील म्हणून त्यांचं आठवायचं ते एवढंच: ते कमरेचा पट्टा काढायचे आणि मी हात पुढे करायचा, तळवा वर. चाळीस वर्षं शेडमध्ये बंद पडून असलेली त्यांची जुनी मोटार विकायची म्हणून म्हैसुरातल्या नजरबाद भागातल्या फत्तेसिंगराव मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी इंजिन उघडलं आणि चिमट्याने एक काळी पट्टी बाहेर काढली. “अय्यो, नोडी, बघा हे! बेअरिंगच्या जागी चामडं! आडरस्त्यात बेअरिंग गेलं की आमचे जुने लोक कमरेचा पट्टा कापून, तेलात बुडवून आत घालत. दहा मैल गाडी चालली तरी नशीब. मग इंजिन कायमचं जायचं. एवढी कसली घाई होती अप्पांना?” चामड्यावर पट्ट्याची दोन भोकं अजून दिसत होती. मी नऊ वर्षांचा असताना बेट्टदपुरला मला साप चावला. अप्पांनी ह्याच मोटारीतून म्हैसूरला आणलं. वाटेत कुठेतरी ती थांबल्याचं अंधुक आठवतं. दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा अप्पा खाटेशी उभे होते, पँटला सुतळी बांधून, आणि मला त्यांची लाज वाटली होती. त्यानंतर मोटार कधी सुरू झाली नाही. मारही थांबला. पट्टा हरवला म्हणून मी सुटलो, असंच आजवर धरून चाललो होतो. “फेकू काय हे?” मिस्त्रींनी विचारलं. मी हात पुढे केला, तळवा वर.