गणसंख्या पंधरा

सभा दहाची होती. सव्वादहा वाजले तरी आपियातल्या त्या भाड्याच्या सभागृहात अठ्ठावीस खुर्च्यांपैकी एकच भरलेली होती, आणि तिच्यावर चिटणीस फुआतिनो स्वतःच बसली होती.

संघटना एचआरवाल्यांची. चौघांनी कोको पिता पिता सुरू केली, सहा वर्षांत अठ्ठावीसवर गेली. त्यातलं एकेक नाव फुआतिनोनं फोन करकरून हजेरीवहीत ओढून आणलं होतं. पण दोन वार्षिक सभा हुकल्या होत्या, एक वादळात आणि एक मयतात. आज तिसरी हुकली की निबंधक कार्यालय संघटनेचं नाव खोडणार होतं. पंधरा माणसं हवी होती.

एवढ्यात अध्यक्ष आउकुसो आत आला. फुआतिनोनं आधी त्याच्या कमरेकडे पाहिलं. तिथे गुंडाळलेली लावालावा काळी होती, मयताची.

"तुम्हीसुद्धा, अध्यक्षसाहेब?"

"अगं, लेफागा गावचे म्हातारेबुवा गेले ना. तोंड दाखवावं म्हणून आलो, आता निघालो."

"शुक्रवारी? ऑफिसात काय सांगितलंत?"

"रजा टाकली. दुखवट्याची."

फुआतिनोनं फोनवरचे निरोप मोजले. तेरा सभासद, तेरा रजा, मयत एकच. बाकीच्यांनी निरोपसुद्धा दिला नव्हता. गंमत अशी, की आजच्या सभेपुढे एकच ठराव होता : दुखवट्याची रजा फक्त आईबाप, नवराबायको, मुलं आणि भावंडं या चारच नात्यांना द्यावी. तो मांडणारा पेनिताला, बिस्किटांच्या कारखान्याचा एचआर व्यवस्थापक, मागच्या बैठकीत टेबलावर बोट आपटून म्हणाला होता, "पाचवं नातं म्हणजे पळवाट!" आणि आज त्याचाही निरोप त्या तेरांत होता.

तिनं वही काखोटीला मारली. "चला. मी पण येते."

"तुझे कोण लागतात ते?"

"कोणी नाही. माझी माणसं पलीकडच्या सवाई बेटावरची. मी सभा घ्यायला येतेय."

"मयतात सभा? आणि नोटिशीत ठिकाण हे आहे."

"ठिकाण आयत्या वेळी बदलता येतं. नियमावली मीच लिहिलीय."

तासाभरात त्यांची गाडी लेफागाला पोचली. पुढच्या घरात आहेरात आलेल्या बारीक विणीच्या चटया उलगडल्या जात होत्या, गावचे वक्ते काठ्या टेकून भाषणं करत होते. फुआतिनो तिकडे गेलीच नाही. सरळ मागे गेली, जिथे तापल्या दगडांच्या भट्टीचा धूर होता. तिचा हिशेब बरोबर निघाला. विमा कंपनीची एचआर नारळ खवत होती. हॉटेलवाले दोघे अळकुड्या सोलत होते. सरकारी इस्पितळाची बाई पातेली घासत होती. बारा भरले. अध्यक्ष धरून तेरा, ती चौदा.

पंधरावा खांद्यावर अख्खं डुक्कर घेऊन आला. पेनिताला. तीनशे माणसं हाताखाली असलेला हा गडी गावात मानकरी नव्हता, म्हणून मागच्या दारी राबत होता. आणि त्याच्याच कारखान्यात बिस्किटं खोक्यात भरणारा एकजण गावचा मानकरी म्हणून पुढच्या घरात मांडी घालून बसला होता.

"पेनिताला, गेलेले तुझे कोण?" फुआतिनोनं वही उघडत विचारलं.

"सासऱ्यांचे मानलेले भाऊ." मग त्याला वही दिसली. तो डुकरासकट थांबला.

"चारातलं कितवं?"

नारळ खवणारीनं तोंड खांद्यात खुपसलं. मयताचं घर, हसायची चोरी.

पेनितालानं डुक्कर पानांवर ठेवलं, घाम पुसला. "वाच तुझा ठराव."

"माझा नाही, तुझा." तिनं वाचला. "बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

हात कोपरापर्यंत नारळाच्या दुधात आणि राखेत होते. एकही वर झाला नाही. पेनितालाचे तेवढे रिकामे होते. ते त्यानं पाठीमागे नेले.

"ती यादी खोड," तो म्हणाला.

"आणि काय लिहू?"

त्यानं धुराकडे, पातेल्यांकडे पाहिलं. "ज्याच्या मयताला मागच्या दारी राबावं लागतं, तो जवळचा. नीट शब्दांत तू बसव. चिटणीस तू आहेस."

या वेळी हात वर झाले. कोणाच्या हातात सुरी होती, कोणाच्या हातात करवंटी. फुआतिनोनं मोजले आणि वही मिटली. संघटना वाचली होती. आपियाला परतायला तिला आता काही हरकत नव्हती.

"ए पोरी, कोणाची तू?" मयताची बहीण सिएनी, मागच्या दारची सगळी सत्ता जिच्या हातात ती म्हातारी, समोर उभी होती. "उभ्या उभ्या लिहिणारी?"

"मी नात्यातली नाही, आजी. कामाला आले होते. मी सवाईची, साफोटू गावची."

"साफोटूत कोणाची?"

फुआतिनोनं आईचं नाव सांगितलं. म्हातारीनं डोळे बारीक केले. मग आजीचं नाव विचारलं. मग आजीच्या आईचं. तिसऱ्या नावाला तिचा चेहरा उजळला.

"अगं, ती तर आमच्याच घरातून तिकडे दिलेली! माझ्या बापाची चुलत बहीण." तिनं फुआतिनोच्या हातातली वही काढून आउकुसोकडे दिली आणि त्या हातात सुरी ठेवली. "एवढ्या उशिरा येतात का? बस. सोमवारपर्यंत कुठे जाऊ नकोस."

फुआतिनो बसली. अळकुड्यांची टोपली तिच्यापुढे सरकवली गेली. आउकुसोनं चष्मा लावला आणि इतिवृत्ताचं पान काढलं.

"उपस्थित पंधरा, बरोबर?"

"बरोबर."

"आणि रजेवर? चौदा ना?"

तिनं पहिली अळकुडी उचलली, नीट निरखली, आणि सालीत सुरी घातली.

"पंधरा लिहा."